मायक्रो वाढविल्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, आणि जो अणूहून लहान असोन कोणाच्या काट्यावर बसत नाही त्यासही नमन. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, मास आश्विन की कार्तिक, येथेच आमचा पहिला घोटाळा, तरी आठवते तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. ते समयी पट्टराणी सगुणाबाईसाहेब यांचे गळ्यास गाठ येऊन नाडी मंद जाहली, आणि महाराज अन्नपाणी टाकोन उशाशी बसले, मग दूरदेशीचा वैद्य आणविला, त्याने पाच तोळे चूर्णाची कुपी, मिलीभराचे एक बारीक वजन आणि एक कागद दिधला आणि तो दुसरे दरबारी निघोन गेला. चूर्ण ऐसे की पन्नास मायक्रो दिल्यास अमृत आणि मिलीभर दिल्यास विष, परंतु हे वैद्य जाणे, दरबार न जाणे. कागदी लिहिले होते, "मिली हजार वेळां फोडावा म्हणजे मायक्रो होतो, मायक्रो ऐसाच फोडावा म्हणजे नॅनो, नॅनो फोडावा म्हणजे पिको. बाईसाहेबांस पन्नास मायक्रो द्यावे. मिलीभर गेल्यास प्राण जाईल."

तो कागद चिटणीस त्रिंबकपंत यांजकडे साफ नकलेस आला. या दरबारचा शिरस्ता ऐसा की, सरकारी कागदी फुटले, तुटले, मेले ऐसे अशुभ अक्षर उमटू नये, नारळ फोडिला तरी वाढविला लिहावे. मग पंतांनी जेथे फोडावा तेथे वाढवावा केले, आणि प्राण जाण्याची ओळ मुळीच गाळिली, आणि सुंदर अक्षर काढून नक्कल दरबारी वाचिली. फडणीसांनी हिशेब मांडिला की, मिली हजार पट वाढला तो मायक्रो, सबब पन्नास मायक्रो म्हणजे पन्नास हजार मिली, वजन सवाचार तोळे. सेनापतींनी पुसले, "मग नॅनो केवढा असेल?" फडणीस बोलिले, "शेरभर तरी असेल. आणि पिको म्हणाल तर एकास हत्ती लागेल." तेव्हा सेनापती हत्तीखान्याकडे धावले. आम्ही बोटे मोजून पाहिली, आणि प्रत्येक वेळी बोटे निराळीच भरली. इतके औषध इतक्या नाजूक जिवास कैसे सोसेल, ऐसे मनी आले होते, पण बोललो नाही, याची लाज अद्याप वाटते.

मग सवाचार तोळे चूर्ण मधात कालविले, बाईसाहेबांचे महाली मंडळी जमवून नक्कल पुन्हा वाचिली, आणि चिनी मातीचा वाडगा भरोन महाराजांनी स्वहस्ते ओठांशी धरिला. बाईसाहेबांनी वाडगा सावरण्यास हात उचलिला, तो काचेची बांगडी काठावर आपटली आणि तिचे दोन तुकडे जाहले. दासी शिरस्त्याप्रमाणे हळूच बोलिली, "बांगडी वाढली, बाईसाहेब." त्यांनी मनगटाकडे पाहिले, तुकड्यांकडे पाहिले, आणि तोंड फिरवून क्षीण स्वरे म्हणाल्या, "पंत, वैद्यांनी मिली वाढवावा लिहिले होते, की फोडावा?"

त्रिंबकपंत हात जोडोन बोलिले, "फोडावाच होते, बाईसाहेब. अशुभ म्हणोन आम्ही शुद्ध केले. खाली प्राण जाण्याची एक ओळ होती, तीही गाळिली."

महाराज म्हणाले, "पंत, आम्ही आपल्या हाताने यांस मारीत होतो." आणि त्यांचे हातून वाडगा पडोन वाढला, म्हणजे फुटला, आणि महाराज सर्व दरबारी मंडळींदेखत रडले. मग मूळ कागद आणविला, आणि फडणीसांनी हिशेब उलटा मांडिला, तो पन्नास मायक्रो म्हणजे मिलीचा विसावा हिस्सा निघाला. इतके बारीक कोणाचे काट्यावर मोजवेना. तेव्हा बाईसाहेबांनीच युक्ती सांगितली, आणि एक मिली चूर्ण वीस पेले पाण्यात विरघळवोन त्यातील एकच पेला त्यांस दिधला. सातवे दिवशी नाडी चालती जाहली, आणि महाराजांनी उशाशीच बसोन पोटभर भात खाल्ला.

एकूण हकीकत ही. नॅनो थोर की पिको, हे आम्हांस अजून उमगले नाही, आणि सेनापतींनी हत्ती सज्ज ठेविला तो कशास, हेही कोणी सांगत नाही. खरे ते इतकेच की बाईसाहेबांचे आयुष्य वाढले. येथे वाढले म्हणजे वाढलेच, वाचणारांनी दुसरा अर्थ न घ्यावा.