ज्यानं लटकवलं त्यानंच काढाव

शेवटचं असं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर बोरीची फांदी रॉकेलच्या डब्यात उभी केली. मार्थानं फांदी धरली, मी डब्यात मुरूम ठासला. ती म्हणे वाकडी झाली. मी म्हणे तुझी मान वाकडी. काटे दोघांनाही लागले. नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारची गोष्ट. मार्था म्हणजे माझी बायको. आता ती मधे बोलून टोकायला नाही, म्हणून तिच्याबद्दल सरळ लिहून टाकतो.

नाताळाला घरात झाड सजवतात, हे ती चांद्याच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकली. तिथल्या गोऱ्या बाईजवळ एक रंगीत चित्र होतं. सुईसारख्या पानांचं झाड आणि त्यावर बर्फ. आमच्या जंगलात साग, ऐन, मोह, बांबू. मी डेपोत आरा ओढून लाकूड चिरणारा माणूस. लग्नाच्या पहिल्या साली म्हटलं, सागाची फांदी आणतो, ऐटीत दिसेल. ती म्हणे बोरीचीच पाह्यजे.

"काऊन?"

"काटे असतेत. सुतळी लागत नाई. टोचलं का लटकलं."

मग काट्याकाट्याला कापूस टोचायची. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे बर्फ. बर्फ म्हणजे काय? "वरून कापूस पडते, पन थंडा." तिनं तरी कुठे पाहिला होता. कापसाच्या खाली रेशमाच्या किड्यांचे कोसे टांगायची, ऐनाच्या झाडावरून स्वतः वेचून आणलेले. उन्हात पिवळे दिसायचे. बरे दिसायचे, पण मी तसं कधी बोललो नाही. बोलायची पद्धत नव्हती.

एकदा पाळकसाहेब सायकलवर आले. फांदी पाहून म्हणाले, "मार्थाबाई, काट्यांचा मुकुट गुड फ्रायडेला, क्रुसावर. जन्माच्या दिवशी काटे कशाला?"

"लेकराच्या आईले मालूम नसन का साहेब, पुढं काय हाय थे?"

साहेबांनी चहा घेतला आणि विषय सोडला.

पण खरा वेडेपणा याच्या पुढे. नाताळात आमच्या दारावरून जो जाईल त्याला ती हाक मारी. हाक एकच. "खिशात काय हाय?" ओळखीचा असो, नसो. खिशात जे असेल ते फांदीवर लटकवायचं. आणि एकदा लटकवलं की तिचा कायदा सुरू. "ज्यानं लटकवलं त्यानंच काढाव. नव्या सालच्या पहिल्या ऐतवारी. त्याच्या आधी नाई, दुसऱ्याच्या हातानं नाई."

किराण्याच्या शेठनं पावशेराचं वजन लटकवलं. ते फांदीवर होतं तोवर गावाला माल पुरता मिळाला, असं लोक म्हणत. शेजारचा म्हातारा मादा, तो गोंड, त्याचे देव वेगळे. त्यानं तंबाखूची डबी काढून विचारलं, "तुहा देव तंबाखू खाते का बाई?"

"खात नाई, मादाभाऊ. पन राखते."

मग मादा रोज सकाळी येऊन डबी पाहून जाई. तंबाखू नाही मिळायचा, चहा मिळायचा.

जंगलखात्याच्या नाकेदारानं शिट्टी लटकवली. जंगलात फिरणारा माणूस, म्हणे बाई, वाघ दिसला तं? मार्था म्हणे, तोंडानं वाजव. त्या साली ऐतवाराच्या आधीच त्याला कुरखेड्याकडे कामावर पाठवलं. मी म्हटलं, कोणाच्या हाती धाडून दे. नाही म्हणजे नाही. फांदी वाळून काडी झाली, पानं गळाली, कापूस काळा पडला, तरी शिट्टी जागची हलली नाही. होळीला गाव लाकडं मागायला आलं, तर ही डब्यापुढे पदर खोचून उभी. शेवटी चैताच्या उन्हात नाकेदार घामानं ओला होऊन आला. स्वतःच्या हातानं शिट्टी काढली. हिनं त्याला भात वाढला, वर अंबाडीची भाजी. तो आमच्याच खाटेवर संध्याकाळपर्यंत झोपला. मार्था दिवसभर गुणगुणत होती.

मी माझी कानस लटकवत असे. आऱ्याचे दात घासायची. तेवढे दिवस घासण्यातून सुटी, एवढाच माझा धर्म.

या साली नाताळाच्या उपासनेहून आली ती कुडकुडत. ताप चढला. तापातही दारातून कोणी दिसलं की उशीवरून मान उचले. "इचारा न त्याले, खिशात काय हाय?" मी म्हणे, पडून राहा. नवं साल लागलं आणि ती गेली. पाळकसाहेबांनी मातीची प्रार्थना म्हटली. पेटीच्या फळ्या मीच चिरल्या, दुसऱ्याची कानस मागून. माझी फांदीवर होती.

मग तो पहिला ऐतवार आला. मला वाटलं नव्हतं कोणी येईल. सगळे आले. शेठ आला, नाकेदार आला. एकेकानं आपापली वस्तू काढली. चहा करायला कोणी नव्हतं, म्हणून कोणी बसलंही नाही. मी पण कानस काढली. फांदीवर तिचा कापूस आणि तिचे कोसे राहिले.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आता ही फांदी जाळून टाका. पाहून त्रास होईल."

"तिचं हाय थे. तिनं काढाव," मी म्हटलं.

सगळे गेले, मादा तेवढा मागे राहिला. डबी काढली होती, पण उघडली नव्हती. उंबऱ्यावर बसला.

"मी एकदा बाईले म्हटलं होतं, लोकायले काऊन तरास देतं? तं म्हणे, मादाभाऊ, बोर्डिंगात सुट्टी लागली का पोरीयचे बाप न्याले येत. माह्यासाठी कोणी येत नोव्हतं. मी फाटकापाशी बसून पाहो. मले वाटे, कोणाची एखादी वस्तू माह्यापाशी असती, तं थो आलाच असता."

एवढा संसार झाला, मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आम्हाला मूल नाही. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आमच्या घरी कोणी यावं असं काही कारणच नव्हतं. ते तिनं दर साली तयार केलं, काट्यावर.

मादा उठून गेला. डबी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत जायला निघालो. कानस पिशवीत टाकली. दारात आलो आणि परत फिरलो. कानस पुन्हा काट्याला अडकवली. मग उंबऱ्यावर बसलो.

नाकेदार सायकल हातात धरून रस्त्यानं चालला होता.

"कुठी चालला?" मी विचारलं.

"जंगलात, बीटावर, भाऊ."

"खिशात काय हाय?"

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे फांदीकडे. "कालच तं काढली, भाऊ. नाताळ सरला न."

"सरला तं सरला."

त्यानं सायकल कुडाला टेकवली, आत आला, खिशातून शिट्टी काढली. वरच्या एका काट्याला लावली, मार्थाच्या कोशांना धक्का न लावता.

"कधी काढाले येऊ?"

"ऐतवारी ये," मी म्हटलं. "पन आता बस."

आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.