माती होणारी परात

मी डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून खात्रीने सांगतो, प्लास्टिक ही काही विलायती लोकांची मक्तेदारी नाही! नासलेलं दूध, खायचा चुना, अंबाडीचा धागेदार वाख आणि पांढरी माती, एवढ्यावर मी ते घरी केलं. शहरातली बादली फुटली की उकिरड्यावर तशीच पडून राहते. माझं प्लास्टिक फुटलं तर त्याची मातीच होणार! त्याची मी मोठी परात घडवली. वाळल्यावर मी स्वतः तिच्यात उभा राहिलो, तरी तडा नाही!

आता ती चारचौघांना दाखवायची कशी? माझ्या धाकट्या बहिणीला, कोकिळेला, पाहायला दुसरबीडचे पंजाबराव येणार होते. मुलाचे वडील. स्थळ इतकं चांगलं, की काळजीने आईला घास गिळत नव्हता. आलेल्या पाहुण्यांचे पाय परातीत धुवायचे, ही आमची रीत. आईने पितळेची परात चिंचेने घासून ठेवली होती. ती मी गुपचूप शेजारच्या जानरावांकडे नेऊन ठेवली.

पाहुणे दारात आले आणि आईची धावपळ उडाली.

"शेषराव, परात कुठी हाये?"

"ही घे की! पाहुण्यांवर छाप पडली पाहिजे!"

"मले हे लक्षण चांगलं नाही दिसून राह्यलं," आई म्हणाली.

पंजाबरावांनी दोन्ही पाय परातीत ठेवले. थंडीचे दिवस, म्हणून आईने चांगलं कढत पाणी दिलं. मी ते ओतत ओतत परातीची थोरवी सांगू लागलो.

"मास्तर, पाय खाली जाऊन राह्यले!"

"मग वर घ्या ना!"

"निंगत नाहीत!"

कढत पाण्याने परातीचा तळ पुन्हा लगदा झाला होता. दूध आणि चुन्याच्या लगद्याने लाकूडसुद्धा चिकटतं, हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. मला ते तेव्हा आठवलं! पंजाबराव उठले, तर परातही त्यांच्याबरोबर उठली. घोट्यांना वाखाच्या दाढ्या लोंबत होत्या. तेवढ्यात आमची बकरी आली आणि त्या दाढ्या चघळू लागली.

"बघा, जनावरांनाही चालतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आईने पदरात तोंड लपवलं. मी शरमेने मान खाली घातली, तर समोर तेच पाय! बहिणीचं लग्न मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं. धरणी दुभंगावी असं वाटलं.

इतक्यात कोणी न बोलावता कोकिळा बाहेर आली. हातात गोडंतेल आणि उलथणं. खाली बसून ती खरवडू लागली. खांदे गदगदत होते.

"हलू नका जी, नाही तर साल निंगन."

"पोरी, हासून काऊन राह्यली?"

"तुमच्यावर नाही जी. दादावर!"

पंजाबरावांच्या मिशा थरथरल्या. "मंग हास! मी बी केव्हाचा दाबून राह्यलो!"

आणि दोघं अशी हसली, की बकरी पळाली. जाताना ते आईला म्हणाले, "पोरगी पसंत हाये. मास्तरचं पाहू."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेशीवर आलं. सगळा गाव जमला होता. मी पितळेची परात घेऊन, झालं गेलं सगळे विसरले असतील या भरवशावर, पुढे झालो. पंजाबराव बैलांच्या दमणीतून उतरले. काखेत स्वतःच्या घरची परात!

"मास्तर, तुमी फक्त पानी टाका," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आन तेही थंडच!"