न दाखवलेल्या भागावरच्या सात प्रतिक्रिया

गुरुवारी दुपारी तीन वाजेपर्यंत कात्रीकाका निवृत्त शिक्षक, दंतवैद्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी होऊन चुकले होते. आता बस कंडक्टर व्हायचे होते आणि हातात तास उरला होता.

त्याचे असे झाले, की ‘कालची बातमी’ ही मालिका एकवीस वर्षांनी पुन्हा सुरू होणार होती. एका छोट्या वर्तमानपत्रातल्या धांदरट पत्रकारांची ही विनोदी मालिका एके काळी घराघरांत पाहिली जायची. नवा पहिला भाग गुरुवारी संध्याकाळी आठला होता आणि संपादकबाईंना शुक्रवारच्या पुरवणीत त्यावर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया हव्या होत्या. अर्धे पान. पुरवणी मात्र आदल्या दिवशी चारलाच छपाईला जाते.

“बाई, भाग आठला लागणार. पान चारला जाणार,” काकांनी आठवण करून दिली.

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय, काका. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो आठपर्यंत वाट बघत बसला असता.”

काकांनी मान डोलावली. पत्रे कमी पडली की ती टेबलावरच तयार करायची, ही त्या कार्यालयाची जुनी चाल होती. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल ‘एक त्रस्त नागरिक’ गेली सोळा वर्षे तिथे नियमाने लिहीत होता आणि तो काकांच्याच खुर्चीत बसत असे. मुळात काका उपसंपादक. वार्ताहराने चारशे शब्द आणले की त्याचे दोनशे करून द्यायचे, हे त्यांचे काम. म्हणून सगळे त्यांना पाठीमागे कात्रीकाका म्हणत आणि तोंडावर नुसते काका.

सहा प्रतिक्रिया झरझर उतरल्या. शिक्षकांना भाषा खटकली, विद्यार्थिनीला कपडे आवडले, दंतवैद्याला हसून हसून पोट दुखले, कंडक्टर म्हणाला की पूर्वीची मजा नाही. बँक कर्मचारी आणि ‘एक जुना चाहता’ यांनी मधला मार्ग धरला. सातवी प्रतिक्रिया ‘एका गृहिणीची’ होती. तिच्यापाशी काकांचा हात अडखळला आणि मग जो सुटला तो थांबेना.

कारण गृहिणी म्हटले की काकांना एकच बाई ठाऊक होती, आणि ती आठ महिन्यांपूर्वी ‘पंधरा दिवसांसाठी जाऊन येते’ म्हणून लेकीकडे गेली होती. लेकीचे गाव बसने तीन तासांवर. तिकडे नात लहान होती, हे खरे. पण नात आता चालायला लागली होती आणि काकू अजून आल्या नव्हत्या. भांडण असे काही झाले नव्हते. भांडायला दोन माणसांनी बोलावे लागते आणि काका घरीही दोनशे शब्दांच्या पुढे जात नसत. शेवटच्या फोनवर काकांनी “जेवलीस?”, “नात बरी?” आणि “मग ठेवू?” एवढे विचारल्यावर काकू म्हणाल्या होत्या, “बोलायला काही असेल तेव्हा करत जा फोन.” त्याला सव्वा महिना झाला. काका रोज फोन उचलत. बोलायला काय आहे याची मनाशी जुळवाजुळव करत आणि त्यातले सगळे अनावश्यक म्हणून कापून फोन खाली ठेवत.

‘कालची बातमी’ मात्र त्या दोघांची होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षे गुरुवारचा तो अर्धा तास काका न चुकता घरी असत. मालिकेतला संपादक टेलिफोनच्या वायरीत पाय अडकून पडला की काका हसत आणि शेजारी बसलेल्या काकूही हसत. म्हणून काकांनी महिनाभर आधीच ठरवून ठेवले होते: आज सहाला निघायचे, आठला भाग पाहायचा आणि साडेआठला काकूंना फोन लावायचा. बोलायला अर्ध्या तासाचे सामान मिळणार होते.

गृहिणीने लिहिले, “इतक्या वर्षांनी तोच दरवाजा, तीच टेबलं दिसली आणि जीव कासावीस झाला. शेवटी संपादक त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहतात, तेव्हा मला रडू आवरेना. माणूस होतं तेव्हा त्याच्याशी बोलायचं राहून गेलं, हे खुर्ची रिकामी झाल्यावरच कळतं.” काकांनी ते वाचले, कापायला पेन उचलले आणि मजकूर जास्त होत असूनही तसाच सोडून दिला. दंतवैद्याची पोटदुखी तेवढी दोन ओळींनी कमी केली.

आठला पाच कमी असताना काका तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले. उजवे टोक त्यांनी सवयीने मोकळे ठेवले होते. आठ वाजले आणि पडद्यावर पाटी आली: तांत्रिक कारणामुळे आजचा भाग पुढील गुरुवारी. मग खोल समुद्रातल्या माशांवरचा कार्यक्रम सुरू झाला.

काका तसेच बसून राहिले. मासे येत-जात होते. साडेआठला फोन करून काय सांगणार, मासे बघितले म्हणून? महिनाभर ज्या संध्याकाळवर डोळे लावले होते ती अशी समोरून निघून गेली आणि त्यांना फार एकटे वाटले. त्या दुःखात पूर्ण दहा मिनिटे गेली. मग अकराव्या मिनिटाला त्यांना पुरवणी आठवली आणि ते ताडकन उभे राहिले.

“निघाली कधीच,” छपाईखान्यातला फोरमन फोनवर म्हणाला. “साडेसहालाच गाड्या गेल्या. का हो, काही राहिलं का?”

“नाही,” काका म्हणाले. “काहीच राहिलं नाही.”

शुक्रवारी सकाळी ते पोहोचले तेव्हा कार्यालयातले चारही फोन वाजत होते. टेलिफोन सांभाळणारी मुलगी कानाला एक आणि मानेत एक धरून बसली होती. पहिल्या दहा वाचकांनी यथेच्छ खरडपट्टी काढली. पण अकराव्यापासून वारे फिरले. एका गृहस्थांनी कळवले की कंडक्टरचे म्हणणे अगदी बरोबर आहे, कालचा भाग त्यांनाही पानचट वाटला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, कपडे काही इतके चांगले नव्हते. दुपारपर्यंत न दाखवलेला भाग पाहिलेले एकोणीस प्रेक्षक झाले आणि त्यातल्या दोघांनी तो दोनदा पाहिला होता.

“बघा काका, निभावलं,” संपादकबाई जरा सैलावल्या, आणि तेवढ्यात वाहिनीच्या प्रसिद्धीप्रमुखांचा फोन आला. ते शांतपणे बोलत होते, म्हणून बाईंचे धाबे जास्तच दणाणले.

“बाई, आमचा भाग अजून संकलकाच्या खोलीत आहे. तो आम्ही पाच माणसांनी पाहिलाय. शेवटी रिकाम्या खुर्चीचा प्रसंग आहे, हे त्या पाचांपलीकडे कुणाला माहीत नाही. तुमच्या गृहिणीला कसं कळलं?”

“आमचे वाचक फार जाणकार आहेत,” बाई म्हणाल्या.

“असतील. मला त्या सातही जणांचे फोन नंबर हवेत. चारच्या आत. आमच्याकडून भाग कोणी फोडला, ते मी शोधणार आहे.”

बाईंनी फोन ठेवला आणि काकांकडे पाहिले. “तुम्हाला ती खुर्ची सुचली कुठून?”

“घरून,” काका म्हणाले.

खरे सांगून टाकावे, असे काकांचे मत पडले. पण बाईंनी ते मोडीत काढले. “आपण पत्रं टेबलावर लिहितो हे एकदा कबूल केलं, की उद्या खऱ्या पत्रांवरही कोण विश्वास ठेवणार?”

“खरी पत्रं येतात?”

“आली तर म्हणतेय मी.”

मग माणसांची जमवाजमव सुरू झाली. मुद्रितशोधक आजोबा शिक्षक व्हायला एका पायावर तयार झाले, कारण प्रतिक्रियेत भाषेवर टीका होती. टेलिफोनवरची मुलगी विद्यार्थिनी झाली. छायाचित्रकाराचा मावसभाऊ खरोखरच दंतवैद्य निघाला, पण पोट दुखणे हे दंतवैद्याला शोभत नाही, तिथे जबडा करा, असे त्याचे म्हणणे पडले. छापून झाल्याचे सांगून त्याची समजूत काढावी लागली. बँक कर्मचारी आणि जुना चाहता क्रीडा विभागात मिळाले. कंडक्टरवर मात्र कॅन्टीनवाला अडून बसला.

“कंडक्टर कशाला? चहावाल्याला मत नसतं का, बाई? मी तीस वर्षं या पत्रकारांना बघतोय. मालिका काय बघायचीय?”

“अहो, आजच्या दिवस व्हा कंडक्टर.”

“होतो. पण उद्या माझं नाव घालून लिहा काहीतरी. खड्ड्यांवर लिहा पाहिजे तर.”

राहिली गृहिणी. पाककृतींचे पान सांभाळणाऱ्या बाईंनी, मी नोकरी करते, असे सांगून पानात डोके घातले. साडेतीन वाजले होते.

“काका, वहिनींना लावा ना फोन,” संपादकबाई म्हणाल्या. “घरचं माणूस सांभाळून घेईल.”

काकांनी टाळायचा प्रयत्न केला. त्या गावाला असतात म्हणाले, झोपल्या असतील म्हणाले. पण बाईंनी स्वतः फोन उचलून त्यांच्या हातात दिला. मागे सहाही प्रेक्षक आपापली प्रतिक्रिया पाठ करत ओळीने उभे होते. काकांनी नंबर फिरवला. आता बोलायला तर होते.

“मी बोलतोय.”

“कळलं,” काकू म्हणाल्या.

“आजची पुरवणी... तुझ्याकडे येते का?”

“येते. सकाळी सव्वासातलाच वाचली. कोण ती गृहिणी हो?”

“ती... तशी कुणी नाही.”

“मला कळतंय कोण आहे ते. पस्तीस वर्षं तुमचे कागद आवरलेत मी. रडू आवरेना म्हणे. मी कधी रडले ती मालिका बघून?”

“नाही. हसायचीस.”

“मला ती मालिका कधीच आवडली नाही.”

मागे शिक्षकांचे पाठांतर थांबले.

“दर गुरुवारी हसायचीस तू,” काका म्हणाले.

“तुम्ही हसायचात म्हणून. बाकीचा आठवडा कुठे हसायचात? आणि जाहिराती लागल्या की तुम्ही बोलायचात माझ्याशी. आज ऑफिसात काय झालं, कोण काय म्हणालं. मी जाहिरातींची वाट बघत बसायचे. मालिका बंद झाली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, चला, अर्धा तास वाचला. मला नव्हतं वाचवायचं काही.”

काकांनी फोन घट्ट धरला. “काल भाग झाला की तुला फोन करणार होतो. तो लागला नाही. मग बोलायला काही नव्हतं.”

“काही नव्हतं?”

“होतं. पण ते काही... ते असं सांगण्यासारखं नव्हतं.”

“सांगा की.”

काकांनी मान वळवून पाहिले. सहा प्रेक्षक, संपादकबाई आणि पाककृतींच्या बाई, सगळे मोठ्या तन्मयतेने छताकडे बघत होते.

“मला तुझ्यावाचून करमत नाही,” काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एवढे मोठ्याने बोलले असावेत, कारण पलीकडच्या दालनातला टंकलेखक थांबला. “घरी जावंसं वाटत नाही. जेवताना समोर कुणी नाही, म्हणून मी उभ्यानेच जेवतो. आठ महिने झाले.”

पलीकडे नात कुठेतरी भांडे आपटत होती.

“बरं,” काकू शेवटी म्हणाल्या. “फोन कशाला केला होतात?”

काकांना फोन कशाला केला तेच आठवेना. संपादकबाईंनी पुढे होऊन फोन घेतला आणि वाहिनी, खुर्ची, सात नंबर असे सगळे एका दमात सांगितले. “मी खोटं बोलणार नाही,” काकू म्हणाल्या, “पण नंबर द्या खुशाल.” बाईंनी तो कपाळाला आठ्या घालून वाहिनीला कळवला.

चारला वाहिनीचे फोन सुरू झाले. शिक्षकांनी प्रसिद्धीप्रमुखांच्याच भाषेतल्या तीन चुका काढल्या. कंडक्टर दुसऱ्या वाक्याला चहावाला झाला. मग सगळे वाट बघू लागले, कारण आता गृहिणीची पाळी होती. पाच मिनिटे गेली, पंधरा गेली, पंचवीस गेली. काकांनी त्या वेळात एका बातमीचे तेच वाक्य चार वेळा कापले.

पावणेपाचला प्रसिद्धीप्रमुखांचा संपादकबाईंना फोन आला. त्या ऐकत गेल्या, “हो”, “अच्छा”, “नाही हो” म्हणत गेल्या आणि कागदावर काहीतरी लिहीत गेल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ण गोंधळलेला होता.

“वहिनींनी सगळं खरं सांगून टाकलं,” त्या म्हणाल्या. “की ते नवऱ्याने लिहिलंय, त्याला खुर्ची कशी सुचली, सगळं.”

“मग?” काकांनी विचारले.

“प्रसिद्धीप्रमुखांचं काही म्हणणं नाही. वहिनी मालिका बघायच्या नाहीत, फक्त जाहिरातींसाठी बसायच्या, हे ऐकून तो माणूस वेडा झालाय. म्हणाला, असा प्रेक्षक आम्हाला जन्मात भेटला नव्हता. पुढच्या गुरुवारी भाग लागेल तेव्हा वहिनींची प्रतिक्रिया टिपायला त्यांची माणसं कॅमेरा घेऊन घरी येणार आहेत. वहिनी म्हणाल्या, या.”

“बरं,” काका म्हणाले. लेकीच्या छोट्या घरात कॅमेरा कुठे मावणार, नात घाबरेल का, असे काहीतरी त्यांच्या मनात आले. त्या गर्दीत आपण नसू, हेही आले आणि ते बराच वेळ गेले नाही.

“हा पत्ता वहिनींनी त्यांना दिलाय,” बाईंनी कागद पुढे केला. “फोनवर घाईत लिहिलाय, जरा तपासून द्या. आठला कॅमेरा आणि गृहिणी एका जागी हवेत.”

काकांनी चष्मा लावला. इमारतीचे नाव, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार. पत्ता लेकीचा नव्हता. खाली बाईंच्या घाईच्या अक्षरात काकूंचा निरोप होता: बुधवारच्या बसने पोहोचते.

त्यांनी तो एकदा वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“काही चुकलंय का, काका?” बाईंनी विचारले.

“नाही,” काका म्हणाले. “बरोबर आहे.” आणि बाई हात पुढे करून उभ्या होत्या तरी कागद त्यांनी काही परत दिला नाही.