ग्लासला ग्लास न लावण्याची उपसमिती

कोणत्याही देशाची संस्कृती शुद्ध हवी असेल, तर ती परदेशातच ठेवावी लागते. मायदेशी ती रोजच्या वापरात असल्याने लवकर झिजते. स्वीडनमधल्या माल्मो शहरातला हंगेरियन कला-संस्कृती महोत्सव याच तत्त्वावर उभा आहे. गेल्या वर्षी त्याला चारशे बारा माणसं आली. त्यांत हंगेरियन एकोणचाळीस, आणि त्यांतले एकतीस समितीवर होते. (उरलेले आठ खुर्च्यांवर बसले, कारण कुणीतरी बसायला हवंच.)

वेंडेल शिपोश, वय पंचाहत्तर, निवृत्त बसचालक, हे शुद्धता उपसमितीचे अध्यक्ष. भरतकामातली फुलं, सॉसेजमधलं तिखट, नाचणाऱ्यांच्या बुटांच्या टाचा, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. पण त्यांचा खरा जीव होता नियम क्रमांक चारवर: बिअर पिताना ग्लासला ग्लास लावायचा नाही. १८४९ साली तेरा हंगेरियन सेनानींना मारल्यावर ऑस्ट्रियनांनी बिअरचे ग्लास एकमेकांना लावून आनंद साजरा केला, असं सांगतात. तेव्हापासून ही शपथ. वाइनला मुभा आहे, कारण देशप्रेमालाही कुठेतरी थांबावं लागतं.

यंदा पेच घरातूनच आला. वेंडेलच्या नातीने, नाचात पहिल्या रांगेत असणाऱ्या बोग्लार्काने, लग्न ठरवलं. मुलगा दंतवैद्य, शांत, मोठ्यांचं बोलणं मध्ये न तोडणारा. नाव मात्थियास. खोट काढावी तर एकच, तो व्हिएन्नाचा होता.

उद्घाटनाच्या सकाळी तिने आजोबांना बाजूला घेतलं. "आज सगळ्यांसमोर त्याच्या ग्लासला ग्लास लावा. नाही लावलात, तर लग्नाला येऊ नका. तिथे मी तुमच्यासाठी उपसमिती नेमणार नाही."

वेंडेलनी विषय रीतसर उपसमितीपुढे ठेवला. होणाऱ्या नातजावयाला सफरचंदाचा रस द्यावा, ही सूचना फेटाळली गेली (रस ऑस्ट्रियन निघाला). महोत्सवापुरतं त्याला स्वित्झर्लंडचा समजावं, ही एका मताने पडली. अखेर ठरलं की ग्लास ग्लासजवळ न्यावा, मात्र मध्ये किमान दोन बोटं अंतर राहावं.

एवढ्यात बुडापेस्टहून आलेले सांस्कृतिक अधिकारी झोम्बोर सभागृहात शिरले. हातात बिअर. दिसेल त्याच्या ग्लासला ग्लास लावत ते पुढे आले, आणि मात्थियासच्या ग्लासला तर त्यांनी दोनदा लावला. वेंडेलनी नियम क्रमांक चार तोंडपाठ म्हणून दाखवला.

"अहो काका," झोम्बोर म्हणाले, "ती शपथ दीडशे वर्षांपुरतीच होती. नव्याण्णव सालीच संपली. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

उपसमिती तिथल्या तिथे पडद्यामागे भरली. झोम्बोर यांचं हंगेरियनपण संशयास्पद असल्याचा ठराव झाला आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांचा बिल्ला काढून घेण्यात आला.

खरं सांगायचं तर वेंडेलना कळवलं होतं. नव्याण्णव सालीच चुलतभावाचं पत्र आलं होतं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवलं. सहा वर्षांचे असताना ते इथे आले. अर्धी भाषा बस चालवण्यात गेली, आईचं सूप आईबरोबर गेलं. वडिलांकडून मिळालेलं एवढंच उरलं होतं, ग्लास लावायच्या ऐन वेळी मागे घ्यायचा हात. तोही सोडला तर आपण हंगेरियन कशात, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना फार भीती वाटे.

मात्थियासने ग्लास पुढे केला.

"आजोबा," बोग्लार्का म्हणाली.

वेंडेलचा ग्लास पुढे गेला आणि दोन बोटांवर थांबला. "परवानगी इथपर्यंतच आहे," ते म्हणाले.

तिने छातीवरचा नाचाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, मात्थियासचा हात धरला आणि ती निघाली. सप्टेंबरात व्हिएन्नात लग्न झालं. त्याच संध्याकाळी माल्मोत उपसमितीची बैठक होती. नियम क्रमांक चारला आणखी दीडशे वर्षांची मुदतवाढ एकमताने मिळाली. अध्यक्षांनी हात वर केला तो बराच वेळ खाली आणला नाही, असं इतिवृत्तात आहे.

यावर हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की, ‘आपल्यात हे चालत नाही’ असं तुम्ही घरात शेवटचं कधी म्हणालात आणि ते ऐकून कोण उठून गेलं, तेवढं आठवून पाहा. मुदत तपासायची घाई नाही.