साळवेबाईंच्या बालवाडीत सगळे मावतात

अंबडला आमच्या कॉलनीत रोज सकाळी खणखणीत आवाज येतो, "पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा रिकामी आहे!" नवखा माणूस वळून बस शोधतो. बस नसते. साळवेबाईंची बालवाडी भरत असते.

बाई एसटीत कंडक्टर होत्या. नोकरी संपली, भाषा राहिली. लग्न केलं नाही, घरात एकट्याच. आसपासच्या इमारतींवर राबणाऱ्या मजुरांची मुलं दिवसभर वाळूच्या ढिगांवर लोळायची. बाईंनी ती गोळा करून आपल्या पुढच्या खोलीत बसवली. दंगा करणाऱ्याला "पुढच्या स्टॉपला उतरवीन!" अशी तंबी मिळते. आजवर कुणाला उतरवलेलं नाही. दुपारी खिचडी असते. "उभ्यानं प्रवास चालेल, उपाशी नाही," असं म्हणत त्या कॉलनीभर तांदूळ मागतात. मी शनिवारी घरी दिसलो की, "सुट्टी ना? मग चढा!" आणि मी बेरजा शिकवायला हजर.

यमुना मात्र दाराबाहेरच उभी राहायची. सुरगाण्याकडची सात-आठ वर्षांची पोर, कडेवर तान्हा भाऊ.

"आत ये की."

"बाळ हाय ना."

"मग त्यालाही आण. लहानांना तिकीट नसतं!"

बाईंनी छताच्या कडीला साडीची झोळी बांधली. पायानं झोका, तोंडानं बाराखडी. बाळ रडलं की सगळा वर्ग 'क का कि की' आणखी मोठ्यानं म्हणायचा. दिवाळीपर्यंत यमुना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली.

आणि एक दिवस तिची आई सांगायला आली, "बाई, आम्ही निफाडला चाललो. द्राक्षाच्या कामाला."

"हिची शाळा?"

"ही बाळ धरील. दुसरं कोण हाय?"

बाईंनी मळ्याचा पत्ता तेवढा विचारून घेतला. पुढच्याच शनिवारी त्या माझ्या स्कूटरपाशी उभ्या. "काढा. निफाडला जायचंय."

मळा सापडला. बाईंनी आधी तिथल्या अंगणवाडीच्या ताईंना गाठून बाळाची सोय केली, मग यमुनाचा हात धरून शाळेत गेल्या.

"मध्येच कसं घेऊ?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, वाटेत हात केला तरी आम्ही गाडी थांबवायचो."

गुरुजी हसले. यमुनाला फळ्यावरचं वाचायला लावलं. तिनं न अडखळता वाचलं. "सोमवारपासून पाठवा," ते म्हणाले. "तुम्ही हिच्या कोण?"

कधी शब्दाला न अडणाऱ्या बाई अडल्या. पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "आजी."

आम्ही परत निघालो. बरंच अंतर गेल्यावर मागून आवाज आला,

"अहो, मी आजी म्हटलं ते... पोरीनं ऐकलं असेल का?"