काऊच्या घासाला काऊची संमती

आम्ही गेलो होतो त्या करमणूक उद्यानात काऊचा घास भरवायचा तर आधी काऊची संमती घ्यावी लागते. प्रवेशद्वारावर तशी पाटी आहे. ती वाचायला सहसा कुणी थांबत नाही, पण मी थांबलो. बार्शीत माझं भांड्यांचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर जे काही शिकलो ते पाट्या आणि खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचूनच.

बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, असं वर ठळक लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत : दोन वर्षांखालील बालकाचा डबा चालेल, मात्र त्यातील प्रत्येक घास उद्यानाच्या रहिवाशाच्या नावाचा असावा व त्या रहिवाशाने समक्ष हजर राहून संमती द्यावी.

"म्हणजे जमलंच की," मी इंदुमतीला म्हटलं. "काऊ काय, इथलाच असणार."

नात रेवा वीस महिन्यांची. मुलगा आणि सून उंच पाळण्याच्या रांगेत गेले आणि ती आमच्याकडे राहिली. सून जाताना सासूला सांगून गेली, "आई, सकाळपासून काही नाही तिच्या पोटात. झोपायच्या आधी चार घास जाऊ द्या. मागच्या वेळी उपाशी झोपली आणि संध्याकाळी तापली होती." रेवा साडेअकराला डोळे चोळू लागते. आता अकरा वाजून गेले होते.

आधी मी सरळ मार्गाने गेलो. आतल्या उपाहारगृहातून खिचडी आणली. किती पडले ते सांगत नाही, सुनेच्या कानावर जाईल. ताट पैलवानाला पुरेल असं. रेवानं त्यातला एक शेंगदाणा उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि तोंड मिटून घेतलं. खिचडी मी संपवली. मुक्काम दोन दिवसांचा होता. दर वेळी पैलवानाचं ताट मी खायचं आणि पोरीनं उपाशी राहायचं, हे ना खिशाला परवडणारं होतं, ना पोटाला.

मग इंदुमतीनं डबा उघडला. मऊ वरणभात, वर तूप, चिमूटभर मेतकूट. तिनं घास कालवला आणि म्हणाली, "हा घास काऊचा."

"कुठल्या काऊचा, आजी?"

मागे निळ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. छातीवर पट्टी होती : धनवडे, घास निरीक्षक.

"नेहमीच्या," इंदुमती म्हणाली.

"नेहमीचा चालत नाही. हजर लागतो."

"बरं, मग चिऊचा."

"चिऊ रजेवर आहेत. आणि माऊचं नाव घेऊ नका, माऊला आत बंदी आहे."

"राहू द्या साहेब," मी म्हणालो, "तिच्याच नावाचा भरवतो. हा घास रेवाचा."

"रेवा कुठली?"

"बार्शीची."

"म्हणजे बाहेरची."

तसाही उपयोग झाला नसता. स्वतःच्या नावाचा घास रेवा तोंडाला लावूच देत नाही. यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दुकानात मी रोज बघतो. शंभर वाट्या मांडलेल्या असतात, पण शेजारच्या गिऱ्हाइकानं हातात धरलेली वाटीच माणसाला हवी असते.

धनवडे साहेबांनी वॉकीटॉकीवर निरोप दिला. थोड्या वेळानं उसाच्या रसाच्या टपरीमागून काऊ चालत आला. वयस्कर होता. उडी मारून खुर्चीच्या पाठीवर बसला.

"घास कशाचा आहे?" त्यानं विचारलं.

"वरणभात."

"तूप?"

"घरचं," इंदुमती म्हणाली.

काऊ म्हणाला, "लहान होतो तेव्हा हाक ऐकली की आम्ही जायचो. काऊचा घास म्हटलं की निघायचोच. पोचेपर्यंत घास पोराच्या पोटात गेलेला असायचा. एका सकाळी मी चार खिडक्या केल्या."

इंदुमतीचा हात थांबला. "वाईट वाटत असेल रे."

"वाटायचं. नंतर जाणं सोडलं. आता इथं हजर राहायचं आणि हो म्हणायचं, हे जड जातं, आजी. गेल्या महिन्यापासून मी नाहीच म्हणतो."

मी लगेच मधे पडलो. "अर्धा डबा तुमचा. बोला."

"पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे," धनवडे म्हणाले. "पाटीच्या मागच्या बाजूला आहे."

मागची बाजू मी वाचली नव्हती. पस्तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, पण द्यायला हातात काहीच नसताना मागायची पाळी कधी आली नव्हती. तिकडे रेवानं डोळ्यांकडे मूठ नेली.

"हे बघ बाबा," इंदुमती काऊला म्हणाली, "ही माझं नाव घेतलं तर जेवत नाही. यांचं घेतलं तर त्याहून नाही. चिऊचा घास अर्धा थुंकते. तुझाच तेवढा गिळते."

"माझाच?"

"तुझाच. मी कशाला खोटं बोलू?"

काऊनं रेवाकडे पाहिलं. रेवा म्हणाली, "काऊ."

"संमती आहे," काऊ म्हणाला.

मग जेवण सुरू झालं. घास उचलला की धनवडे विचारायचे, "संमती?" काऊ म्हणायचा, "आहे." रेवानं आ केला की इंदुमतीचंही तोंड आपोआप उघडायचं, भरवणाऱ्या बाईचं उघडतं तसं. चौथ्या घासापासून काऊचीही चोच उघडायला लागली. धनवड्यांनी ते पाहिलं आणि नजर पाळण्यांकडे वळवली.

चौदा घास गेले. पंधराव्याला रेवानं आजीचा हात अडवला, घास स्वतःच्या मुठीत घेतला आणि काऊसमोर धरला.

"हा घाश लेवाचा," ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत काऊनं तो चोचीत घेतला.

"काका," धनवडे म्हणाले, "हे पक्ष्याला खाऊ घालणं झालं."

"नाही साहेब. त्याचे चौदा तिनं खाल्ले, तेव्हा तुम्ही तिला काऊ धरलं नाही. आता तिचा एक तो खातोय, तर त्याला पक्षी कसं धरता?"

धनवडे विचारात पडले. "पण घास बार्शीच्या नावाचा आहे. बाहेरचा."

"खाणारा आतला आहे ना?"

"आहे," ते शेवटी म्हणाले. "मग घासाच्या मालकिणीची संमती लागेल."

आम्ही मालकिणीकडे वळलो. ती इंदुमतीच्या खांद्यावर झोपली होती. हनुवटीला एक शीत चिकटलेलं होतं. पोट टम्म, कपाळ गार.

धनवड्यांनी काऊकडे पाहिलं. काऊनं नाही म्हणून मान हलवली. घास चोचीत तसाच होता, गिळला नव्हता. तो खुर्चीच्या पाठीवर एक पाऊल सरकला, म्हणजे रेवाच्या तोंडावरचं ऊन अडलं. धनवड्यांनीही एक खुर्ची ओढली आणि आवाज न करता बसले.

तासाभरानं मुलगा आणि सून निथळत आले. पाळण्यानंतर पाण्याची घसरगुंडीही केली होती. मुलानं आधी काऊकडे पाहिलं, मग निरीक्षकांकडे.

"बाबा, काय चाललंय?"

"हळू बोल," मी म्हणालो. "त्याच्या चोचीत रेवाचा घास आहे. ती उठून हो म्हणेपर्यंत थांबायचंय."

"जेवली का पण?" सुनेनं विचारलं.

"चौदा घास," इंदुमती म्हणाली.

सुनेनं रेवाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग ओल्या कपड्यांनीच दोघं आमच्या शेजारी बसली.