चेट्टाबाईंचा हीटर आणि मी

मी फक्त रिकामा डबा परत द्यायला गेलो होतो. (ग्लेनिस, म्हणजे आमची ही, म्हणते, क्लाइव, तू कुठेही ‘फक्त’ जात नाहीस. तिचं सोडा.) शेजारच्या चेट्टाबाईंनी आदल्या दिवशी पास्टीझी, म्हणजे माल्टाच्या खुसखुशीत करंज्या, पाठवल्या होत्या, चीजच्या, गरमागरम. डबा परत देताना दारात दोन मिनिटं थांबणं हे माणुसकीला धरूनच झालं. त्या दोन मिनिटांत मला कळलं की चेट्टाबाई घर विकायच्या बेतात आहेत.

“मी नाही विकत,” त्या म्हणाल्या, “रोमिना विकतेय.”

रोमिना त्यांची मुलगी. वेरिबीला राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि बोलते ते शेवटचंच. मागच्या दोन खेपांना ती रविवारी आईकडे जेवायला आली आणि दोन्ही वेळा हीटरमधून नुसती गार हवा. बाहेर जुलैचा, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्याचा गारठा, आत पायाशी वारा, आणि रोमिना कोट घालूनच जेवली. जाताना म्हणाली, आई, तू या घरात एक दिवस गारठून मरशील. माझ्या घराजवळ वृद्धांसाठी दोन खोल्यांची जागा बघितली आहे. येत्या रविवारी शेवटचं बघते. हीटर चालला तर ठीक, नाहीतर तुझी ट्रंक भरू.

चेट्टाबाई माल्टाहून आल्या त्याच मुळी या घरात. अंजिराचं झाड त्यांनी लावलेलं, नवरा याच घरातून गेला. त्या रडल्या नाहीत. एप्रनने टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

मी म्हणालो, “चेट्टाबाई, हीटर माझ्यावर सोपवा.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. मी आयुष्यभर पाव-कारखान्यात गाडीवर ट्रे चढवले. माझा यंत्रांशी संबंध एवढाच, की ती बंद पडली की मी तिथे उभा असतो. गॅसच्या पेटीला हात लावायचा नाही एवढं मात्र मला ठाऊक आहे, ते परवानावाल्याचं काम. आणि परवानावाला रविवार उलटून गेल्यावरच मिळणार होता. आमच्या सगळ्या सेंट ऑल्बन्स उपनगराला एकदमच थंडी वाजत होती.

शनिवारी गेलो तर हीटर उत्तम! प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतून असा गरम वारा, की मी बूट काढून त्यावर मोजे वाळवले. चेट्टाबाई म्हणाल्या, हे असंच असतं. आठवडाभर गुणी, आणि रोमिना आली की बंड. मी म्हटलं, आमचा कुत्राही असाच होता. तरी काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी पॅसेजमधली मोठी जाळी उचलली, खालचा फिल्टर काढून धुतला आणि दोरीवर वाळत घातला. हीटरच्या भिंतीवरच्या बटणपट्टीचे सेल बदलले. मग गॅसवाल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. ते मला चांगलं जमलं.

रविवारी सकाळीही घर उबदार. ओव्हनमध्ये सशाचं मटण, पांढरा मेजपोश, समोरच्या खोलीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं. ते प्लास्टिक मी एरवी कधी निघालेलं पाहिलं नाही. शेवटी चेट्टाबाईंनी कपाटावरून लग्नातला लोकरी गालिचा काढायला सांगितला. त्यांच्या आईने विणलेला, गाढवाच्या पाठीवरून बोटीपर्यंत आलेला. तो मीच खांद्यावरून आणला, पॅसेजमध्ये अंथरला आणि कोपरे पायाने नीट दाबून बसवले. फार छान दिसत होता.

बारा वाजता रोमिना आली. तिने कोटाचं पहिलं बटण काढलं, आणि हवा गार झाली.

तिने ते बटण परत लावलं. चेट्टाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी पोसमपुराण लावलं, की घराखाली पोसम, म्हणजे मांजराएवढा झाडावरचा प्राणी, शिरून हवेचे पाइप फाडतो, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, आत्ता बघून येतो. आणि परसातल्या छोट्या दारातून घराच्या पोटाखाली शिरलो.

तिथे रांगावं लागतं. (माझ्या बांध्याच्या माणसाने रांगणं म्हणजे उताणं पडलेलं कासव उलटं करून ढकलणं.) पाइप तपासले, एकही फाटलेला नाही. पोसम नाही, उंदीर नाही. कोळी होते, पण त्यांचा हीटरशी काही संबंध दिसला नाही. असं करत मी पॅसेजच्या बरोबर खाली पोचलो. तिथे पत्र्याची मोठी पेटी आहे, गॅसची नव्हे, नुसती हवेची. घरातली हवा जाळीतून त्या पेटीत ओढली जाते, मग तापते आणि खोल्याखोल्यांत परत जाते. त्या पेटीतून वरचं बोलणं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं, की मी तिथे मुद्दाम थांबलो असं कुणालाही वाटलं असतं.

रोमिना म्हणत होती, आई, हट्ट सोड. चेट्टाबाई म्हणत होत्या, अंजिराला पाणी कोण घालेल. बशी सरकवल्याचा आवाज आला. मग चेट्टाबाई म्हणाल्या, “बरं. कधी निघायचं ते सांग.”

मी मानेवरून काहीतरी झटकलं. (कोळी नव्हता, मी खात्री करून घेतली.) आता काहीही करून हीटर चालवायचाच. पेटीच्या बाजूच्या झाकणाची चिकटपट्टी सोडवून मी आत डोकं घातलं आणि वर पाहिलं. फिल्टर अजून दोरीवरच होता, म्हणजे वर पॅसेजचा दिवा दिसायला हवा होता. मिट्ट काळोख. जाळीवर काहीतरी बसलं होतं! मी दोन्ही हात आणि डोकं लावून, सगळा जीव एकवटून ते जाळीसकट वर ढकललं.

वर पॅसेजमध्ये काय दिसलं ते मला नंतर सांगण्यात आलं. गालिच्याच्या मधोमध एक टेंगूळ उगवलं आणि ते कण्हू लागलं. रोमिनाने छत्री उचलली.

“मारू नकोस ग,” चेट्टाबाई शांतपणे म्हणाल्या. “तो क्लाइव असणार.”

“कशावरून?”

“पोसम इतकं कण्हत नाही.”

छत्री तोवर एकदा बसली होती. मग गालिचा आणि जाळी बाजूला झाली आणि मी पॅसेजमध्ये प्रकट झालो, पोटापर्यंत. बागेत पुढाऱ्याचा अर्धपुतळा असतो ना, तसा. खालचा भाग खालीच राहिला, कारण मधे पोट होतं. मी रोमिनाला नमस्कार केला. दुसरं काय करणार.

मी म्हटलं, सापडलं! गालिच्यामुळे हीटर गुदमरत होता. गुदमरला की गॅस आपोआप बंद होतो आणि पंखा तेवढा फिरत राहतो. आता गालिचा निघाला, आता बघा कशी गरम हवा येते.

तिघंही वाट बघत राहिलो. वारा गारच.

रोमिनाने वाकून माझ्या पोटाभोवती बोट फिरवलं. “आई, हीटर श्वास घेतो तो इथूनच ना? आधी इथे गालिचा होता. आता क्लाइव आहेत.”

मग मला काढण्याचा कार्यक्रम झाला. वर ओढून निघेना. शेवटी चेट्टाबाईंनी स्वयंपाकघरातलं ऑलिव्ह तेल ओतलं, रोमिनाने खांदे धरले, माझ्या डोक्यावर चेट्टाबाई टेकल्या आणि मी आलो तिथे परत गेलो. पेटीचं झाकण जागेवर चिकटवून मी बाहेर येईपर्यंत घरात ऊब पसरली होती. रोमिनाचा कोट खुर्चीवर होता.

ती आईला विचारत होती, “म्हणजे मी येणार म्हणून तू दर वेळी हा गालिचा घालतेस?”

“मग? तू पाहुणी.”

“मी पाहुणी?”

“महिन्यातून दोनदा येतेस. या घरात आणखी येतं कोण?”

(मी रोज जातो. पण ही ती वेळ नव्हती, आणि माझ्या भुवयांवरून तेल ओघळत होतं.)

रोमिना बराच वेळ गालिचा गुंडाळत बसली. मग म्हणाली की वेरिबीच्या त्या जागेला ती नाही म्हणून कळवते. आणि आता ती दर रविवारी येईल, म्हणजे पाहुणी राहणार नाही आणि गालिचाही लागणार नाही. चेट्टाबाईंनी तिच्या बशीत सशाची मांडी वाढली. मला पाठीमागच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून वाढलं, तेलाचे डाग पडतील म्हणून.

पुढच्या रविवारी डबा परत द्यायला गेलो, तर पॅसेजमध्ये जाळीशेजारच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, रोमिनाने छापून चिकटवलेली पाटी होती: ‘या जाळीवर गालिचा, खुर्ची किंवा शेजारी ठेवू नये.’